चार पॉइंट दोन

आमचे दाजी जेवायला बसले की पहिला घास तोंडात जायच्या आधी कढीच्या वाटीत मीटर बुडायचं. जाड पेनाएवढं ते यंत्र, खाली हरभऱ्याएवढा काचेचा गोळा आणि वर आकड्यांची इवलीशी खिडकी. बुडायचं तेही लगेच नाही. कढी आधी निवू द्यायची. "ऊन रसात मीटर खोटं बोलतं," असं म्हणून दाजी मांडी घालून वाट बघत. मी ताईचा धाकटा भाऊ, पाहुणा म्हणून गेलेला, समोरच्या भाताची वाफ मोजत उपाशी बसलेला. शेवटी आकडा ठरायचा. "चार पॉइंट दोन. बराबर. वाढा." दाजींच्या आईच्या, म्हणजे मायच्या ताकाची आंबटाई वर्षानुवर्षं तेवढीच भरायची. ताई म्हणायची, ह्यांना बायको नको होती, नमुना हवा होता.

दाजी मूळचे औंढा नागनाथचे. घराण्याकडे देवळाची सेवा आणि नोकरी मात्र औरंगाबादला बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. आकडा जितका खाली तितकं आंबट; धान्य भिजवून शिजवताना आंबटाई पाचाच्या थोडी वर हवी, आंबून बिअर उतरली, म्हणजे तयार झाली, की चारच्या थोडी वर यायला हवी, आणि चारच्या खाली घसरली की ती टाकी नासली. हे सगळं त्यांना अथर्वशीर्षासारखं पाठ. दर दोन तासांनी टाकीतून नमुना काढायचा, निववायचा, मोजायचा, लिहायचा. अशी सतरा वर्षं त्यांनी काढली आणि त्या सतरा वर्षांत बिअरचा एक थेंबही चाखला नाही. नोकरीला जाताना मायच्या पायावर हात ठेवून ते म्हणाले होते, "हाताला लागंल, जिभेला न्हाई." कारखान्यातले लोक हसायचे. दाजी म्हणायचे, "तुमची जीभ, माझं मीटर. बघू कोण चुकतं." मीटर कधी चुकलं नाही.

नव्वदच्या दशकात तो कारखाना बंद पडला. साहेबांनी निरोपाला शाल-श्रीफळ द्यायला काढलं, तर दाजींनी जुनं मीटर मागून घेतलं आणि ते औंढ्याला परत आले. तेव्हा हिंगोली जिल्हाही झालेला नव्हता. तिथं बिअरची आंबटाई मोजणाऱ्या माणसाला कोण विचारणार? चार वर्षं त्यांनी अर्जावर अर्ज केले. रिकाम्या हातांना काम म्हणून आडांचं पाणी मोजलं, चिंचेचा कोळ मोजला, एकदा माझ्या शाळेतली शाईसुद्धा मोजली. देवळातली सेवेची पाळी केव्हाच चुलतभावाकडे गेली होती. एकदा पायरीवर बसून मला म्हणाले, "देवळात मी दारूवाला, आन् दारूत मी पुजारी. दोन्हीकडं जागा न्हाई, मास्तर." मी हिंगोलीच्या शाळेत मास्तर. पोरांना धीर द्यायची सवय, म्हणून म्हटलं, होईल काहीतरी. ते माझ्याकडे असं बघत राहिले की पुढचं वाक्य मी गिळलं.

मीटरला घरात प्रवेश नव्हता. ताक-कढीपुरतं ते ओसरीवर येई, कारण दाजींचं पानही ओसरीवरच मांडलं जाई, आणि जेवण झालं की परत बाहेरच्या कोनाड्यात. मायच्या लेखी ते दारूचं यंत्र होतं. रोज संध्याकाळी दाजी कोनाड्यापाशी उभे राहून त्याचं टोपण उघडत, बाटलीतल्या खारट पाण्याचे चार थेंब त्यात घालत आणि टोपण लावत. त्या पाण्यात काचेचा गोळा कायम ओला राहायचा. कडेला मीठ फुटून पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं. का करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "सुकला का मेला." मला वाटायचं, स्वतःबद्दलच बोलून राहिलेत.

मग ते पत्र आलं. औरंगाबादजवळ जालना रस्त्यावर एक छोटा नवा कारखाना उभा राहत होता. यंत्रसामग्री अजून यायची होती, पण माणसं बघणं सुरू होतं. परीक्षा अमुक दिवशी दुपारी तीनला, आपलं उपकरण सोबत आणावं. दाजींनी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. ताई मला म्हणाली, "हे हुकलं तर हा माणूस उठायचा न्हाई रे. तू जा संगं." मी रजा टाकली आणि आदल्या दिवशीच औंढ्याला मुक्कामाला गेलो.

सकाळी दाजी दर्शनाला गेले. माय कोनाड्यापाशी आली, जिथं ती चार वर्षांत फिरकली नव्हती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "लेकराचं काम व्हायचं तर एकडाव देवापुढं ठेवते. पर त्याच्यातलं ते बिअरचं पाणी सांडून दे आधी. त्याला सांगू नको, बोंबलंल."

आता माझ्याबद्दल थोडं. मी स्वच्छतेचा कीडा. शाळेत पोरांची नखं तपासणारा, लग्नात दुसऱ्यांची ताटं विसळणारा. माझ्या समजुतीत स्वच्छ म्हणजे लखलखीत आणि कोरडं. मी टोपणातलं पाणी मोरीत ओतलं. ती पांढरी बुरशी बघून मला स्वतःचा अभिमानच वाटला, बरं झालं म्हातारीने सांगितलं. चिमूटभर राख घेऊन काचेचा गोळा घासला, धुतला, जुन्या धोतराच्या फडक्याने खसखसून पुसला आणि मायची पूजेची तयारी होईपर्यंत उन्हात ठेवला. मग मी टोपण लावून मीटर त्याच्या डबीत घातलं, तिने डबीला कुंकू लावलं, देवापुढं ठेवलं, हात जोडले. दाजी परतले. डबीवरचं कुंकू त्यांना दिसलं. बसमध्ये जिंतूर येईपर्यंत त्यांचा अंगठा त्या कुंकवाच्या कडेने फिरत होता.

तीन वाजता टेबलावर स्टीलचे दोन पेले होते. दुसऱ्या कारखान्यातून आणलेले दोन टाक्यांचे नमुने. एक चांगली, एक नासलेली, कोणती ते सांगायचं. समोरचे साहेब तरुण होते आणि अदबीने बोलत होते. मी दारापाशी खुर्चीवर. दाजींनी आधी खात्रीच्या दोन बाटल्या काढल्या, एक सातची, एक चारची. त्यांत बुडवून मीटर खरं बोलतंय का हे बघायचं, मग नमुना. त्यांनी टोपण उघडलं आणि थांबले. टोपण उलटं करून तळहातावर झटकलं. काहीच पडलं नाही. चारच्या बाटलीत मीटर साडेपाच दाखवत होतं, मग सहा, मग पुन्हा साडेपाच.

मला त्या क्षणी कळलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो. त्या महिन्यात किती रविवार होते ते आजही सांगू शकेन.

गोळा भिजत ठेवायला दाजींनी एक दिवस मागितला. साहेब म्हणाले, उद्या दुसरे उमेदवार आहेत. मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "कोई बात नहीं. चखके बता दीजिए. इतने साल का तजुर्बा है."

दाजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला लिहिता येत नाही. मग पहिला पेला उचलून त्यांनी घोट घेतला, मग दुसऱ्यातला. डोळे मिटले. त्यांच्या जिभेला ठाऊक असलेलं चार पॉइंट दोन एकच होतं, मायचं ताक. बिअरची आंबटाई तेवढीच भरली तरी जिभेला ती कितीतरी कमी लागते, हे पिणाऱ्याला कळतं. दाजींना कुठून कळणार? त्यांनी ताकासारखी लागलेली बिअर चांगली ठरवली आणि दुसरीकडे बोट दाखवून म्हणाले, ही अजून उतरलेली नाही. साहेबांनी मान खाली घातली. दाजींनी नासलेली पास केली होती.

परतीच्या बसमध्ये त्यांनी जालना मागे पडल्यावर विचारलं, "मास्तर, काल संध्याकाळी मी टोपण भरताना पाह्यलं व्हतं का तुमी?"

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं, दाजी."

"भरलं असं वाटतंय. पर भरलं असतं तर सुकलं काहून?" आणि थोड्या वेळाने, "म्हंजे आता माझाच भरवसा न्हाई राह्यला."

घरी येऊन त्यांनी मायला सांगितलं की जिभेला लागली. माय रात्री जेवली नाही. मीटर कोनाड्यात गेलं आणि पुन्हा निघालं नाही. कढी आता लगेच, गरमच वाढली जाई. देवळाजवळच्या नारळ-प्रसादाच्या दुकानात दाजी बसू लागले. तिथं कुलूप लावून तीनदा परत जायचे. ताईला दहादा विचारायचे, चूल विझवलीस ना, मी विचारलं होतं ना. दर संध्याकाळी ठरल्या वेळी कोनाड्यापुढे उभे राहायचे आणि आत जायचे. आणि मी? मी स्वतःला सांगत होतो, माय जिवंत आहे, तिच्या पूजेने लेकाचं वाटोळं झालं हे तिला कसं कळू द्यायचं. फार थोर कारण होतं. माय गेली, तरी पुढची तीन वर्षं मी गप्पच होतो.

मग दाजींची मूत्रपिंडं थकली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी ताई आत भाकरी थापत होती. मी खाटेपाशी बसलो आणि सगळं सांगितलं. मायचं, मोरीचं, राखेचं, उन्हाचं, बसमधल्या खोटेपणाचं. सांगताना मी मान वर केली नाही.

दाजी माझ्याकडे वळले. मग विचारलं, "पुसलं कशानं?"

"धोतराच्या फडक्याने."

"पुसायचं नसतं, मास्तर. टिपायचं असतं." ते कोपरावर जोर देऊन उठायला लागले. मी आधार दिला. ते म्हणाले, "म्हंजे मी भरलं व्हतं."

"हो, दाजी."

"अवं," त्यांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? टोपण मी भरलं व्हतं."

ताई पिठाच्या हातांनी दारात आली. कोणतं टोपण, तिला काही उमजेना.

त्यानंतर ते बारा दिवस होते. भेटायला येईल त्याला, डॉक्टरला, चुलतभावाला, नारळवाल्याला, हेच सांगायचे, टोपण मी भरलं होतं. लोकांना वाटलं, भ्रम झालाय. ते कोणी सांडलं, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.