सत्तावीस वेळा मारलेला प्रोग्राम

तारीख अकरा मार्च, मंगळवार. रक्कम एकवीस हजार सहाशे रुपये. हजर तिघे: मी, कोठी भागातल्या रक्ततपासणी केंद्राचे मालक आणि तिथे काउंटरवर बसणाऱ्या आपा. आपांच्या उजव्या हाताला अकरा टाके होते. फुटलेली काच, स्क्रीन आणि प्रिंटर यांचे पैसे त्यांच्या पगारातून कापायचे, असं मालकांनी ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं, आपांनी लोकांना शिव्या दिल्या म्हणून मारामारी पेटली.

ती कशाने पेटली हे मला पाच दिवसांपासून माहीत होतं.

केंद्रात टोकन देणारा प्रोग्राम माझा. तो कंटेनरमध्ये चालतो, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सामान एका बंद डब्यात भरलेलं असतं. हा डबा ज्या साच्यावरून बनतो त्याला इमेज म्हणतात. माझी इमेज आठशे चाळीस एमबीची होती. फालतू सामान मला घरातही खपत नाही. एकेक वस्तू काढून मी ती एकोणीस एमबीवर आणली. आत प्रोग्राम सोडून काही उरलं नाही.

त्याच सुमारास मालकांची तक्रार आली की प्रोग्राम अडकून बसतो आणि कुणाला कळत नाही. म्हणून मी हेल्थ चेक जोडला. दर तीस सेकंदांनी प्रोग्रामला हाक मारायची, ओळीने तीनदा उत्तर आलं नाही तर त्याला मारून नवा उभा करायचा. हाक मारण्याची ओळ मी जुन्या इमेजमधून उचलली. ती ज्या साधनाने हाक मारायची ते मी स्वतःच साफसफाईत फेकलं होतं. हाक मारणाराच डब्यात नव्हता, आणि उत्तर येत नाही म्हणून धडधाकट प्रोग्राम आजारी ठरत होता.

बुधवारी संध्याकाळी हे बसवून मी साठ सेकंद पाहिलं. ठीक चाललं होतं. मशीन बंद करून नल्लकुंट्याला घरी आलो. नव्वद सेकंद पाहायला हवं होतं.

गुरुवारी आठला मशीन सुरू झालं. नव्वद सेकंदांनी प्रोग्राम मारला गेला, तीन सेकंदांत नवा उभा राहिला आणि टोकन पुन्हा एकपासून निघालं. मग पुन्हा तेच. आपांचा फोन आला तसा मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली साठेक माणसं होती आणि एक नंबर वीस जणांच्या हातात होता. दोघं चार नंबरवरून एकमेकांना भिंतीवर आपटत होते. एकाचं नाक फुटलं होतं, तरी टोकन त्याने मुठीत धरून ठेवलं होतं. आपा पैसे खाऊन नंबर देतात, असं कुणीतरी ओरडलं. आपांनी त्याच्या खानदानाचा उद्धार केला. तेवढ्यात बाकावरची एक म्हातारी साखर उतरून खाली घसरली. तिच्या मुलाने लोखंडी स्टूल उचललं.

पहिला घाव काचेवर बसला, दुसरा स्क्रीनवर. तिसरा आपांच्या डोक्यावर येत होता. त्यांनी हात आडवा घातला आणि स्टुलाने तो हात फुटक्या काचेच्या कडेवर दाबला. प्रिंटर चालूच होता. रक्ताने भिजलेल्या कागदावर त्याने आणखी एक टोकन काढलं. मग त्या माणसाने काउंटरखालच्या मशीनला लाथ घातली आणि वायर निघाली. आठ बेचाळीस झाले होते.

मी दारात उभा होतो. भीती वाटली म्हणून उभा होतो. आत घुसलो ते त्यानंतर. तेव्हा मानेवर एक ठोसा बसला, तो कुणाचा ते कळलं नाही.

आपांना दवाखान्यात नेताना रिक्षात त्यांनी विचारलं, मशीनला काय झालं. बघतो म्हणालो. दुपारी नोंदी काढल्या: बेचाळीस मिनिटांत प्रोग्राम सत्तावीस वेळा मारला गेला होता. एकदाही तो आजारी नव्हता. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

मंगळवारी मालकांनी पगारकपातीचा कागद आपांपुढे सरकवला. सही करता येत नव्हती म्हणून डाव्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड ठेवला. आपा म्हणाल्या, "हौ, गाली दी मैंने. सब को एक नंबर मैंने दिया क्या?"

मी नोंदींचा कागद त्यांच्या कागदावर ठेवला.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "आपांची नाही."

मालक बराच वेळ कागद वाचत राहिले. आपांनी तो पाहिलासुद्धा नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"पाँच दिन लगे साब, ये बोलने को?"

मालकांनी विचारलं, आता काय केलंय. मी सांगितलं: आता बाहेरचं साधन लागत नाही. तोच प्रोग्राम वेगळी आज्ञा देऊन दुसऱ्यांदा चालवला की तो आधीच चालू असलेल्या प्रोग्रामला हाक मारतो आणि हो की नाही ते कळवतो. इमेज एकोणीस एमबीचीच राहिली. या वेळी तासभर पाहत बसलो. मग मुद्दाम प्रोग्राम अडकवला आणि तो मारला जातो का तेही पाहिलं. त्यांनी कपातीचा कागद फाडला आणि नुकसान माझ्या बिलातून वळतं करून घेतलं.

आपांच्या दवाखान्याच्या पावत्यांची बेरीज चौदा हजार आठशे सत्तर झाली. मी पंधरा हजार पुढे केले. त्यांनी डाव्या हाताने, एकेक नोट टेबलावर ठेवत मोजले आणि पर्समधून एकशे तीस काढून परत दिले. ऊपर का नक्को, म्हणाल्या. त्यांची उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून वळत नाहीत.

दिले: मालकांना एकवीस हजार सहाशे, आपांना चौदा हजार आठशे सत्तर.