निळ्या गळ्याचा सरडा

मुलांनो, येत्या मे महिन्यात तुम्ही येणार आणि आल्याआल्या निळ्या गळ्याचा सरडा दाखव म्हणणार, म्हणून आधीच लिहिते आहे. चाकणला आमच्या सोसायटीमागच्या माळावर तो दिसत असे. अंग बोटाएवढे, मातकट, शेपूट लांब. उन्हाळ्यात नर दगडावर चढून मान उंच करायचा आणि मादीने पाहावे म्हणून गळ्याखालची निळी-नारिंगी झालर पंख्यासारखी उघडायचा.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीने तिथे झाडे लावली आणि माळावरचे दगड उचलून आळ्यांभोवती रचले. एक कोपरा मोकळा ठेवा, असे मी सोसायटीच्या सभेत अध्यक्षांना सांगून पाहिले. ते इथल्या जुन्या गावातलेच.

"सरड्यापायी झाडं न्हाई लावायची व्हय, काकू? तिथं हाय काय, नुसतं धोंडं!"

सगळे हसले. सरड्याला तेच धोंडे लागतात, हे मला कुणाला पटवता आले नाही. आता रोपांना पाणी मिळते, गवत दाट झाले आहे आणि यंदा तिथे एकही झालर उघडलेली दिसली नाही.

माळाच्या कडेने जाणाऱ्या विजेच्या मोठ्या तारांखाली मात्र झाडे लावू देत नाहीत. तिथले दगड जागेवर आहेत आणि त्यांवर दोन नर अजून बसतात.