आदोळीवर कापलेला रबरी मासा

रबराचे, प्लास्टिकचे, पत्र्याचे असे सगळे धरून माझ्याकडे एकतीस खोटे मासे होते. खरा एकही नव्हता. बायको म्हणायची, "बाजारात जाऊन एक खरा आणा. तुमची ती पेटी उघडून होईस्तोवर आमचं जेवून हात धुऊन होतील." तिचं बरोबर होतं. पण बायकोचं बरोबर आहे असं उघड म्हणायचं नसतं, असा आमच्या पेडण्यात दंडक आहे.

हे खूळ मला पन्नाशीत लागलं. मी डिचोलीच्या एका कचेरीत कारकून. दिवसभर फायली इकडच्या तिकडे करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातला टोपीवाला मासे कसे पकडतो ते बघायचं. वसंतात मासा उथळ पाण्यात येतो, म्हणे. गढूळ पाणी असेल तर भडक रंगाचं लूर लावा, म्हणे. लूर म्हणजे हेच खोटे मासे, ज्यांच्या पोटाखाली गळ लोंबतात. त्याच्याकडे वसंत म्हणजे बर्फ वितळतं. आमच्याकडे वसंत म्हणजे काजूच्या बोंडांचा वास, शेजाऱ्याने गाळलेली हुर्राक आणि पाठीवरून घामाच्या धारा. पण मी त्याचं सगळं वेदवाक्य मानलं.

मासा मला हवा होता तो चणक. उत्तर कोकणातले लोक ज्याला जिताडा म्हणतात तो. आमच्या गावाबाहेर नदीचा बांध आहे आणि बांधाच्या आतल्या अंगाला, शेतांच्या कडेला एक तळं. बांधात एक लाकडी दार आहे, त्याला मानस म्हणतात. भरतीला त्यातून पाणी आत येतं, पाण्याबरोबर चणकाची पिल्लं येतात आणि इथेच खाऊन-पिऊन माजतात. जाळं टाकायचा दरवर्षी लिलाव होतो, पण गरीने मासे काढणाऱ्याला कोणी अडवत नाही. माझे बाबा शिगमो, म्हणजे आमची होळी, संपला की तिथे जाऊन बसायचे. जवळ एक दोरी, एक गरी आणि डब्यात जिवंत सुंगटं, म्हणजे कोळंबी. रील नाही, रॉड नाही, टोपीवाला गुरू नाही. तरी दर चैत्रात घरात एक तरी चणक यायचा आणि आई त्याचं हुमण, म्हणजे खोबऱ्याचं कालवण, करायची.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. बाराव्याला फोंड्याची आत्या आली. पानावर बसली आणि भर पंगतीत आईला म्हणाली, "वहिनी, आता तुझे मासे संपले हां." आत्या स्वतः वीस वर्षं विधवा. बांगड्याचा काटा अशी चोखते की मांजराने मान खाली घालावी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी भांडायला उठलोच होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "बरां." आणि त्या दिवसापासून तिने मासा तोंडाला लावला नाही.

आता आत्या सांगते म्हणून आई काही सोडेल, हे शक्यच नव्हतं. आत्याने ऊन आहे म्हटलं तर छत्री उघडणारी बाई ती. पण का सोडलंस असं विचारलं की एकच उत्तर, "माका नको, बस्स."

बरं, रांधायचं सोडलं का? नाही. हुमणाला दुसऱ्याचा हात लागलेला तिला अजून चालत नाही. मासा साफ तीच करणार, वाटण तीच वाटणार, तिरफळं तीच टाकणार. फक्त चव घेणार नाही. त्यामुळे आमच्या घरात मिठाची लॉटरी सुरू झाली. एक दिवस हुमण असं खारट की ओठ जळावेत, पुढचे चार दिवस गरम पाण्यासारखं अळणी. सांगणार कोण? खारट असलं की आम्ही भात जास्त घ्यायचो. अळणी असलं की आईची पाठ वळल्यावर मेजाखालून मिठाची बरणी फिरायची, बायकोकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून परत. पन्नाशीचा बाप्या मी, आणि मीठ चोरून खात होतो.

तर खरं सांगतो, मला मासा नको होता. आईने एक घास खाल्लेला मला बघायचा होता. बाजारातल्या इसवणाला, म्हणजे सुरमईला, ती नाही म्हणते, पण त्या तळ्यातला, बाबांच्या जागेवरचा चणक आला तर तिच्याने नाही म्हणवणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. बाबांची दोरी घेऊन गेलो असतो तरी चाललं असतं. पण कारकून असलो तरी हौस मोठी.

महिनाभर मी तळ्यावर घाम गाळला. पहिल्यांदा गुलाबी लूर लावलं, शिगम्यातल्या सोंगाइतकं भडक. मासे आले नाहीत, दोन म्हशी मात्र बघायला आल्या. मग पाण्यावर डुबुक डुबुक करणारं लावलं. त्याने बगळा उडाला. मग रबरी बेडूक लावला, त्याच्यामागे खरा बेडूक लागला. एका रविवारी कोणीतरी सांगितलं म्हणून डिचोलीच्या एका बंद खाणीच्या खड्ड्यावर गेलो. हिरवंगार पाणी, तळाचा पत्ता नाही. तीन लूर खडकात अडकवून दिली आणि हात हलवत घरी आलो. सोमवारी आम्ही मासे खात नाही, म्हणून तळ्यावर नुसता फिरायला गेलो, तर चणक माझ्यासमोर दोनदा उसळी मारून गेला. मेल्याला पंचांग कळत होतं!

शेवटी एका रविवारी दुपारी सगळी लूर धुऊन मागच्या पडवीत खिडकीखाली वाळत मांडली. आई परसातून आली आणि उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून तिने एकेक बघितलं. मासळी बाजारात कोळणीसमोर उभी राहते तशीच.

"ह्या कोण खातलो रे?" गुलाबी उचलून ती म्हणाली.

"चणक."

"चणकाक काय डोळे नाय?" तिने ते बाजूला फेकलं. दुसरं उचललं, हातभर लांब, सोनेरी. "आणि ह्या? ह्योच चणकाक खायत."

मी तिला टोपीवाल्याचं शास्त्र समजावायला लागलो. उथळ पाणी, भडक रंग, वगैरे. ती ऐकून घेईना.

"तुझ्या त्या टोपीवाल्यान चणकाचा पोट कधी फाडल्यान?"

टोपीवाला पकडलेला मासा मुका घेऊन परत पाण्यात सोडतो, हे आईला सांगायची माझी छाती नव्हती.

"चाळीस वर्षां मी फाडतंय," ती म्हणाली. "शिगम्यामागसून त्याच्या पोटात सुंगटां नसतत. शेवट्या माशाची पिल्लां असतत. बोटाएवढी, राखेच्या रंगाची. पावसाच्या तोंडार सुंगटां. तुझ्या बापाशीक सांगलंय तर तेका पटूक नाय. म्हणून वर्षाक एकच गावायचो."

मी बघतच राहिलो. बाबा बांधावर बसून जे चाळीस वर्षं शोधत होते, ते ही बाई न्हाणीच्या दगडावर तळ्यातला नाहीतर बाजारातला चणक कापताना दरवेळी बघत होती, आणि घरात कोणी तिला विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग तिने उरलेल्या अठ्ठावीसांतून एक निवडला. सगळ्यांत कुरूप, करड्या रबराचा, पेटीबरोबर फुकट आलेला. मी तो कधी लावलाच नव्हता. वीतभर होता. आई म्हणाली, "मोठो जाता," आणि मी हां हां म्हणेपर्यंत आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसली. पाय मुडपून, पाट पायाखाली दाबून, तिने त्या रबरी माशाचं शेपूट खचकन कापलं, कर्ली माशाचं कापतात तसं. वर मला विचारते, "खवलां काढू?"

बायको हसून हसून जमिनीवर बसली.

संध्याकाळी भरतीच्या वेळेला निघालो तर आईही छत्री घेऊन मागे. "तू घाई करतलस," म्हणाली. बांधावर बाबांच्या दगडावर ती बसली, मी पाण्यात लूर टाकलं. मी रील फिरवायला लागलो की मागून आवाज यायचा, "सावकाश! हुमण ढवळतंस काय दळण दळतंस?" मी सावकाश फिरवलं. मासा काही लागेना. थोड्या वेळाने ती आपणहून बोलायला लागली.

"तुझो बापूस जेवताना कधी बरां म्हणूक नाय. पण मीठ बरोबर असला की मान हलवायचो. तेवढीच. मी ती मान बघायचंय." ती पाण्याकडे बघत होती. "आता तुमी जेवतात, उठतात, ताट धुतात. मीठ असला काय, नसला काय, तुमका सारख्याच. मग मी कोणासाठी चव बघू?"

दोन वर्षं आम्ही तिला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलो होतो, आणि ही समजत होती की आम्हाला तिच्या हातच्या जेवणाची पर्वाच नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी तोंड उघडलं आणि नेमका त्याच क्षणी चणक लागला.

रॉड वाकला, रील किंचाळलं, मी चिखलात गुडघाभर घसरलो. "सोडू नको मेल्या!" आईने छत्री फेकली आणि मागून माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला. पुढून चणक ओढत होता, मागून आई, आणि मधे माझी पँट. बऱ्याच झटापटीनंतर तो बांधावर आला. चांगला हातभर, चांदीसारखा. राखाडी रबरी तुकडा जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेला. बाबांना तो दिसला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटलं आणि मला रडूच आलं. आई म्हणाली, "रडतंस कित्याक? तो लागलो, तू नाय."

घरी तिने त्याचं पोट फाडलं आणि मला हाक मारली. आत शेवट्याची दोन पिल्लं होती, बोटाएवढी. तिने नुसतं बोटाच्या टोकाने दाखवलं.

हुमण चुलीवर चढलं. खोबऱ्याचा, तिरफळांचा वास घरभर झाला. आईने नेहमीप्रमाणे अंदाजाने मीठ टाकलं आणि झाकण ठेवायला लागली. बायकोने सवयीने मिठाची बरणी उचलून मेजाखाली ठेवली. ते बघून मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी ती बरणी काढून धाडकन आईसमोर ठेवली.

"आई, मीठ बघ. दोन वर्षं तुझं मीठ चुकतंय. आम्ही चोरून वरून घालून खातो."

बायकोने डोळे मिटून घेतले. आईने कुलेर, म्हणजे पळी, हुमणात बुडवली, डाव्या हाताच्या तळव्यावर चार थेंब ओतले आणि चाटले.

"अळणी," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज असा चढला की शेजाऱ्याचा कुत्रा भुंकायला लागला. "मेल्यांनो, दोन वर्षां ह्या असला गिळलात? आणि एकाक तोंड उघडूक जमला नाय?"

"भीती वाटली," मी म्हटलं.

"माझी?"

"तुझी."

तिने बरणीतून चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा तळव्यावर घेऊन चाटलं. आता मीठ बरोबर होतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं; तिने मान हलवली. तरी तिने तिसऱ्यांदा बघितलं, या वेळी कुलेर भरून.