तव्यावरचा लॅपटॉप

सिग्नलवाले भाऊ कोणतंही यंत्र उघडण्याआधी अंगणातल्या लोखंडी नळाला हात लावायचे. देवळात शिरताना लोक उंबऱ्याला लावतात, तितक्याच मनापासून. अंगातली वीज जमिनीत गेली पाहिजे, नाहीतर ती चिपांना मारते, असं ते सांगत. त्यांच्याकडे कॉम्प्युटरजवळ बसायचं तर पाहुण्यालाही आधी नळाकडे पिटाळलं जाई. एकदा पोस्टमन नुसता खिडकीतून डोकावला, तर भाऊ म्हणाले, "नळ तितं हाय. मंग बोला."

भाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर होते. घोरावाडीपासून खंडाळ्यापर्यंत नोकरी झाली आणि निवृत्त होऊन ते आमच्या वडिवळ्यात आले. कॉम्प्युटर ते स्वतःच शिकले, बंगल्यांवरून भंगारात निघालेले उघडून उघडून. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या झाकणाच्या आत ते मार्करनं दोन ओळी लिहीत. काय काम केलं आणि कुणी केलं. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आमी हेल्पर व्हतो तवा काम आमी करायचो आन् नाव फिटरचं लागायचं. ज्यानं काम केलं त्याचंच नाव लिवावं. उद्या बिघडलं तर शिव्या बी बरोब्बर मानसाला पडाया पायजेत."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी आहेत. तिथल्या मालकांनी वापरून झालेला लॅपटॉप माझ्यासाठी दिला, तेव्हा घरात त्याला हळदकुंकू लागलं होतं. पण त्याची मेमरी होती दोन जीबी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा प्रोग्रॅम सुरू केला की तो जागीच थिजायचा, आणि प्रोजेक्ट दाखवायला दोन आठवडे उरले होते. लोणावळ्याच्या दुकानदारानं सांगितलं, की यात मेमरीची पट्टी घालायला जागाच नाही, चिपा थेट बोर्डावर जोडलेल्या आहेत. मग मी भीत भीत भाऊंकडे गेले.

भाऊंनी मागचं झाकण काढून भिंगातून पाहिलं. चार चिपा बसलेल्या होत्या आणि शेजारी तशाच चार जागा मोकळ्या होत्या. "चार खोल्या रिकाम्या हायेत की," ते खुशीत म्हणाले. "भाडेकरू आनू." भाडेकरू त्यांच्या डब्यात होतेच, तसल्याच एका मेलेल्या लॅपटॉपमधले.

मला नको म्हणता येईना आणि करा म्हणायचा धीर होईना. हा जळाला असता, तर दुसरा मी कुठून आणणार होते? शेवटी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला वाटेल तसं." तेवढ्यावर ते नळाकडे गेले.

चिपा बसवायच्या तर बोर्ड खालून सगळीकडे सारखा तापवावा लागतो. त्याचं यंत्र भाऊंकडे नव्हतं. त्यांच्याकडे त्यांच्या बायको, आमच्या मावशी होत्या. मावशींनी कान तुटलेला जुना तवा काढून दिला, त्यात वाळूचा थर पसरला, वर जाळी ठेवली आणि जाळीवर माझा लॅपटॉप, म्हणजे त्याचं काळीज. तवा किती तापला ते मावशी कडेला तांदळाच्या पिठाची चिमूट टाकून बघत होत्या.

"भाकरी टाकावी एवढा झालाय बगा."

"भाकरीपरीस थोडा कमी पायजे."

"मंग तुमीच बगा की. फिटर तुमी."

एवढं बोलून मावशींनी आच कमी केली. मग भाऊंनी गरम हवेच्या बंदुकीनं एकेक चिप बसवली. कथील वितळलं की चिप आपोआप जागेवर सरकते.

बोर्ड निवला. लॅपटॉप सुरू झाला. मावशींनी चहा आणला. मेमरी दोन जीबीच होती.

"म्हंजी माजा तवा फुकाट गेला व्हय?" मावशी म्हणाल्या.

भाऊंनी अर्धा कप चहा प्यायला. मग कप खाली ठेवला. "गाडी आली, पन मास्तरला कुनी कळवलंच न्हाई."

मेमरी किती आहे हे बोर्डाला कळावं म्हणून एक लहानसा रेझिस्टर असतो. तो एका जागेवरून काढून शेजारच्या जागेवर लावायचा राहिला होता. अर्ध्या तिळाएवढा तो जीव. इतक्या बारीक कामाला भाऊंची बोटं थरथरायची. गरम हवेची बंदूक त्यांनी स्वतःकडे ठेवली आणि चिमटा माझ्या हातात दिला.

"मला जमेल का, भाऊ?"

"ते केल्यावर इचारायचं असतं, प्रतीक्षा."

पहिल्यांदा रेझिस्टर चिमट्यातून उडाला. आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत फरशी धुंडाळत होतो. शेवटी तो मावशींच्या पदराला चिकटलेला सापडला. दुसऱ्यांदा मी दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवली. तो बसला. लॅपटॉपनं चार जीबी दाखवले. भाऊ नुसतं "व्हय" म्हणाले आणि मावशींकडे अजून चहा मागितला. मी आनंदानं प्रोग्रॅम चालवून पाहत होते, तेवढ्यात त्यांनी झाकण लावूनही टाकलं.

प्रोजेक्ट झाला, पास झाले. गेल्या वर्षी भाऊ आणि मावशी मुलाकडे नाशिकला राहायला गेले. जाताना भाऊंनी मला तो चिमटा दिला आणि मावशींनी तवा.

मागच्या आठवड्यात पंखा घरघरायला लागला, म्हणून मी लॅपटॉप पहिल्यांदाच स्वतः उघडला. झाकणाच्या आत भाऊंचं ठसठशीत अक्षर होतं. "मेमरी दोनाची चार केली. फिटर : कु. प्रतीक्षा. हेल्पर :" आणि पुढे त्यांची सही.

मी लगेच भाऊंना फोन लावला आणि ते वाचून दाखवलं.

"मंग? खोटं लिवू का?" भाऊ म्हणाले. "पन झाकान कशापायी उघडलंस?"

"पंख्यात धूळ झाली होती."

"उघडायच्या आदी नळाला हात लावला व्हतास?"

"राहिलंच, भाऊ."

"मंग अजून हेल्परच हायेस तू."

पलीकडून मावशींचं हसणं ऐकू आलं. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून मी आमच्या अंगणातल्या नळाकडे गेले.