काच न लावण्याची अट

अमरावतीच्या एका वकिलाने मला फसवलं, आणि माझ्यासोबत माझ्या आंधळ्या बापालाही.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. मी अकोल्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. जिनिंगच्या कारखान्यात झाडून टाकलेला कापूस आणायचा, भिजवायचा, कुटायचा, त्याचा कागद घरीच करायचा. सरकीची टरफलं मी त्यात मुद्दाम राहू द्यायचे. कागद वाळला की त्या खडबडीवर रंगखडू बोटांनी घासत बसायचे. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग आणि उंचवटे. शाळेतले विचारायचे, हे आहे तरी काय? सांगून सांगून तोंड दुखलं.

बाबांनी कधी विचारलं नाही. ते बोटांनी चित्र चाचपायचे आणि परस्पर ठरवून टाकायचे. एका मोठ्या चित्राला ते आमचं वलगावचं, कधीच विकलं गेलेलं वावर म्हणायचे. ते कशाचंच चित्र नाही म्हणून मी ओरडायचे.

"तू राहू दे माय," ते म्हणायचे, "तुले दिसते ना."

नेमकं तेच चित्र वकिलांना पसंत पडलं. मी भाजीवालीलाही सोडत नाही, पण त्या दिवशी किंमत आपणहून निम्म्यावर आणली. बदल्यात एकच अट घातली: काच लावायची नाही आणि बाबा येतील तेव्हा त्यांना हात फिरवू द्यायचा. रंग पुसला गेला तरी चालेल, हेही सांगितलं. वकील म्हणाले, शब्द दिला.

दिवाळीनंतर मी बाबांना एसटीने अमरावतीला घेऊन गेले. वकिलांच्या बैठकीत चित्र होतं, वर चकचकीत काच. मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात टेकवला. वरून खाली फिरवला, पुन्हा फिरवला.

"थंडगार लागून राह्यलं," ते म्हणाले. "वावर कुठी गेलं?"

वकील हसले. धूळ बसते बाई, रंग झडतो, येणारे-जाणारे नावं ठेवतात. मी म्हटलं, आत्ता काढा. ते म्हणाले, पाहू कधीतरी, आणि चहा सांगितला. मी घेतला नाही. बाबांनी घेतला, त्याचाही मला राग आला.

त्यानंतर मी नवा कागद पुढे केला की बाबा हात मागे घेत. शेवटपर्यंत त्यांनी एकाही चित्राला बोट लावलं नाही.

वकीलसाहेब, मी अर्धी किंमत सोडली ती कशापायी? काच लावायचं कुणी ठरवलं? मला आजही उत्तर पाहिजे.