हौदावरचे योगीराज

८ नोव्हेंबर. मी परसदारी बांगडे साफ करत बसले होते. समोर हौदाच्या कठड्यावर बगळा मान आखडून उभा होता. आमचे हे त्याला महिनाभर 'योगीराज' म्हणत होते. आल्यागेल्याला दर्शनही घडवायचे. पाहुण्यांना मासे नीट दिसावेत म्हणून यांनी परवाच हौदातली कमळाची पानं मुळासकट उपटून टाकली होती. आज योगीराजांनी चोच मारली आणि यांचा लाडका लाल मासा गिळला.

"दगाबाज मेला!" हे ओरडले.

जेवताना बांगड्याचा काटा सोडवत पुन्हा म्हणाले, "इतका निर्दयी असेल असं वाटलं नव्हतं गं."

"कोण?" मी विचारलं. यांनी ताटात आणखी एक बांगडा वाढून घेतला.

बगळा महिनाभर ज्यासाठी टपून उभा होता, तेच त्याने आज केलं. योगी त्याला आपण ठरवलं, दगाबाजही आपणच. नुसतं गप्प उभं राहिलेल्याच्या पाया पडायची हौस आपल्यालाच फार. मासे एवढे खुळे नव्हते. त्यांनी त्याला कधी साधू मानलं नाही, म्हणून तर त्याच्या पायाशी पानांखाली सुखाने राहिले.

९ नोव्हेंबर. सकाळी मी फुटक्या कुंड्या हौदात आडव्या सोडल्या आणि शेजारणीकडून कमळाचे कंद आणून लावले. उरलेले मासे लगेच कुंड्यांत शिरले. थोड्या वेळाने बगळा आला. त्याला मी हाकललं नाही. यांना मात्र हौदाजवळ फिरकू दिलं नाही.