गुरुवारचं फडकं

बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याविषयी मी बोलायला लागलो की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठतात. त्यांचं चुकत नाही. पण कुवेतमध्ये मी एकोणीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी त्या पाण्यात हात घालून गेली. तेव्हा ऐकायला कोणी नसलं तरी लिहायला हरकत नाही.

माझ्या मालकाचं बोटीच्या मागे बसवायच्या आउटबोर्ड इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथला मेकॅनिक. त्याची स्वतःची चोवीस फुटी फायबरची बोट मात्र दुकानात कधी येत नसे. ती रुमैथियाला त्याच्या घराला लागून, पत्र्याच्या शेडखाली ट्रेलरवर उभी असायची. दर शुक्रवारी घरची मंडळी समुद्रावर जात, म्हणून दर गुरुवारी मी बोटीपाशी. मालक माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी मी त्याला ‘बाबा’ म्हणायचो आणि त्याच्या बायकोला ‘मामा’. त्या घरात सगळे नोकर तसंच म्हणत. पहिल्या वर्षी जीभ अडखळली, मग सवय झाली.

बोट वरून कितीही झकपक दिसली तरी तिची खरी तब्येत पायाखालच्या फळीखाली कळते. तिथे एक पोकळी असते, तिला आम्ही बिल्ज म्हणायचो. वर सांडलेलं सगळं तिथे उतरतं. खारं पाणी, माशांचं रक्त, वितळलेला बर्फ, पोरांचा ज्यूस, खजुराच्या बिया, बायकांचे केस. वर अठ्ठेचाळीस डिग्रीचं ऊन. दोन दिवस दुर्लक्ष केलं की असा वास उठतो की माणूस जेवणाच्या पानावरून उठेल. आणि मालकाच्या घरातल्या बायकांच्या बैठकीची खिडकी नेमकी त्या शेडकडे उघडायची.

माझी पद्धत ठरलेली होती. मागचं बूच काढायचं, ट्रेलर थोडा उतरता करायचा. आतल्या कप्प्यांमधून पाणी सरकायला बारीक भोकं असतात, त्यांत खवलं आणि केस अडकतात, ती तार घालून मोकळी करायची. भांडी घासायचा साबण आणि ब्रश. मग गोडं पाणी, मग पुन्हा गोडं पाणी, मग स्पंज. शेवटी पांढरं फडकं. मालकाच्या जुन्या दिशदाशा, म्हणजे तिथल्या पुरुषांचे पांढरे पायघोळ झगे, फाडून मी फडकी करून ठेवली होती. फडकं कोपऱ्याकोपऱ्यात फिरवायचं आणि ते आत गेलं तसंच पांढरं बाहेर आलं की नाकाशी धरायचं. नाकाने पास केलं की काम संपलं. शेजारच्या बंगल्यातला बोट सांभाळणारा इसम बिल्जमध्ये गाडीत टांगायचं अत्तर टांगायचा. त्याला मी तोंडावर लबाड म्हटलं होतं. वास झाकायचा नसतो, काढायचा असतो, असं मी त्याला बोट नाचवून सांगितलं होतं.

मग करोना आला. मंगफच्या आमच्या खोलीत आम्ही चौघे होतो, चौघेही एकाच आठवड्यात आडवे झालो. दोघे पुढे कायमचे गावी गेले. राहिलो मी आणि माझ्या शेजारच्या गावचा एक जण, माझ्याहून पाचेक वर्षांनी धाकटा. आम्ही बरे झालो. चव हळूहळू परत आली, पण माझं नाक परत आलं नाही.

सुरुवातीला वाटलं, येईल. एका मराठी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, येईलही, नाहीही येणार. सरळ बाई होत्या, उगाच आशा लावली नाही. मी मात्र कोणालाही सांगितलं नाही. बिल्ज सांभाळणाऱ्याला वासच येत नाही म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण? चोपन्नाव्या वर्षी मला नवा व्हिसा कुणी दिला नसता. आणि गावी तरी काय होतं? दोन वर्षांतून एकदा महिनाभर जाणारा मी माझ्या घरातला पाहुणा होतो. बायको मला पाणीसुद्धा पाहुण्यांच्या पेल्यातून द्यायची. मला परत जायची भीती वाटत होती, हे आता सांगून टाकतो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, चालू राहावा आणि माझं नाक गेल्याचं कोणाला कळू नये, एवढीच माझी त्या वर्षांतली धडपड होती.

त्यावर मी एक युक्ती काढली. गुरुवारी शेवटचं फडकं पिशवीत घालून घट्ट गाठ मारायची आणि बसने मंगफला न्यायची. खोलीतला माझा सोबती संध्याकाळी कामावरून आला की त्याच्यापुढे पिशवी सोडायची.

“दिवसभर तेलातच असतंय रे, माझा नाक मेलाहा. तू बघ जरा,” मी म्हणायचो.

तो हातपाय धुऊन यायचा, फडकं उजेडाशी नेऊन उलटसुलट करायचा, नाकाशी धरायचा आणि निकाल द्यायचा. “माशांचो वास मारता अजून. परत धू.” किंवा, “कुजक्या पाण्याचो वास आसा.” किंवा नुसतंच, “साबणाचो.” साबण म्हटलं की मी निवांत झोपायचो. मासे म्हटलं की शुक्रवारी पहाटेची पहिली बस धरून रुमैथिया गाठायचो आणि मंडळी उठायच्या आत पुन्हा घासायचो. चार उन्हाळे हे असं निभावलं. एकदाही तक्रार आली नाही. मालकाची म्हातारी आई तर पाहुण्यांना म्हणायची की आमच्या बोटीत नमाज पढावा इतकी ती स्वच्छ असते.

सोबत्याचंही एक पालुपद असायचं. सकाळी तो दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरायचा. “दूध बरा आसा काय बघ, माका सर्दी झालीहा.” ती सर्दी त्याला बारा महिने असायची. इथल्या एसीने होते, असं मी समजायचो. आता मला कुठला वास! पण नाही म्हटलं तर भांडं फुटेल, म्हणून मी पातेल्यात नाक घालून म्हणायचो, “बरा आसा. ठेव चाय.” कधी तो विचारायचा, गॅसचा वास येतोय का बघ. मी म्हणायचो, नाही. दोनदा आम्ही नासलेल्या दुधाचा चहा प्यायलो आणि दोष दूधवाल्याला दिला.

त्या गुरुवारी जून लागला होता. बिल्ज घासून झालं आणि मी फडकं घेऊन शेवटचा हात फिरवला. पेट्रोलच्या टाकीच्या मागे जेमतेम दोन बोटं जातात. तिथून फडकं ओलसर आलं, पण पांढरंच होतं, आणि बोटांना गार लागलं. छान गार. जून महिन्यात कुवेतमध्ये काहीही गार लागत नाही. नळाचं पाणी चटका देतं. मेकॅनिकचा हात तो, त्याला कळलं होतं. मी हात पँटीला पुसला आणि स्वतःला सांगितलं की साबणाचं पाणी राहिलं असेल, नाक सांगेल संध्याकाळी. आकाश पिवळं झालं होतं, धुळीचं वारं येणार होतं, म्हणून एरवी रात्रभर उघडी ठेवायची ती झाकणं मी लावून घेतली आणि बस पकडली.

खोलीत सोबत्याने फडकं उजेडाशी नेलं, हुंगलं आणि म्हणाला, “साबणाचो. एकदम क्लीन.”

शुक्रवारी सकाळी मी बोट गाडीला जोडायला हजर होतो. मालकाची दोन मुलं लाइफ जॅकेटं घालून आत बसलीही होती. मामा धुपाटणं घेऊन आल्या. समुद्रावर जाण्याआधी बोटीला ऊद दाखवायचा त्यांचा रिवाज होता आणि ते काम माझं असायचं. लाल निखाऱ्यावर लाकडाचा तुकडा ठेवलेलं ते धुपाटणं मी हातात घ्यायचो, शिडीने वर चढायचो, फळीवरचं झाकण उचलायचो आणि धूर आत सोडायचो. मी ते हातात घेतलं. एक पाय शिडीवर ठेवला.

दारात खुर्ची टाकून म्हातारी बसली होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. ती एकदम ओरडली, “बेंझीन! बेंझीन!” तिकडे पेट्रोलला बेंझीन म्हणतात.

मला आधी कळेचना की ती कोणावर ओरडते आहे. मालकाने धावत येऊन माझ्या हातातून धुपाटणं ओढलं आणि रस्त्यापलीकडच्या वाळूत उपडं केलं. पोरांना काखोटीला मारून खाली आणलं. मग एकेकाचे हात नाकावर गेले. मामा खोकायला लागल्या. ड्रायव्हर लांब जाऊन उभा राहिला. सगळ्यांना वास येत होता आणि मी शिडीवर एक पाय ठेवून मूर्खासारखा हसत उभा होतो.

सगळी झाकणं उघडून तासभर गेल्यावर मालकाने टाकीमागे काठीला गुंडाळून एक फडकं घातलं. उन्हाने पेट्रोलच्या नळीला चीर गेली होती; काल बोटांना गार लागलं होतं ते उडून जाणारं पेट्रोल. फडकं घेऊन तो माझ्याजवळ आला आणि माझ्या नाकाखाली धरलं.

“कसला वास आहे?” त्याने हळू आवाजात हिंदीत विचारलं.

मी फडक्याकडे पाहिलं. पांढरं होतं. “साबण, बाबा,” मी म्हणालो.

 “कधीपासून?” त्याने विचारलं. करोनापासून, मी म्हणालो. त्याने बोटीकडे पाहिलं, मग मुलांकडे. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच सांगितलं की इकामा संपेपर्यंत दुकानात बसून नटबोल्ट निवड, बोटीला हात लावू नकोस, आणि मग घरी जा. म्हातारी तेवढ्यात ‘ह्याला पाणी द्या’ म्हणून कोणाला तरी सांगत होती. मी पेला दोन्ही हातांनी धरला.

मंगफला पोचेपर्यंत मला नुसता संताप चढला होता. माझ्या हातात निखारे होते, ती दोन लेकरं आत होती, आणि हा म्हणतो साबण! सोबती सुट्टीचा म्हणून भात लावत होता. मी कालची पिशवी त्याच्या अंगावर फेकली.

“ह्या साबण? ह्या साबण? पेट्रोल आसा ता! माका वास येणा नाय म्हणान तुझ्यावर भरवसो ठेवलंय, आणि तू न हुंगताच सांगतंस?”

रागाच्या भरात चार वर्षांची गोष्ट तोंडातून निघून गेली. तो पिशवीकडे बघत राहिला. मग गॅस बंद करून खाली सतरंजीवर बसला.

“माका पण येणा नाय,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तुझ्याच वांगडा.”

माझ्याबरोबरच, त्याच आठवड्यात. मी पुढ्यात बसलो. मग इतके दिवस सांगत काय होतास, असं विचारलं तर म्हणाला, “बघान सांगी होतंय. हिरवा दिसला तर कुजका पाणी. खवलां दिसली तर मासो. काय दिसला नाय तर साबण.”

“मगे माका सांगलंस कित्याक नाय?”

“तू खय सांगलंस?” तो म्हणाला.

 त्याची बारमाही सर्दी, दुधाचं पातेलं, गॅसचा प्रश्न, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तो माझं नाक होता आणि मी त्याचं, आणि दोघांकडेही नव्हतं.

त्यापेक्षा वाईट गोष्ट मला थोड्या वेळाने आठवली. तो एका ठेकेदाराकडे होता. रिकाम्या टाक्यांमध्ये माणसं कामाला उतरली की बाहेर तोंडाशी उभं राहून आत गॅस तर नाही ना, यावर लक्ष ठेवायचं हे त्याचं काम. छातीवर मशीन असतं, ते वाजतं, असं तो म्हणाला. मशीन वाजलं नाही तर, असं मी विचारलं. तो भात वाढायला लागला.

मी त्याला म्हणालो की ठेकेदाराला जाऊन सांग, दुसरं काम माग. तो म्हणाला की दुसरं काम म्हणजे विमानाचं तिकीट, आणि त्याच्या मुलाचं अजून नोकरीचं काहीच लागलेलं नाही. मग मी सांगेन, असं मी म्हणालो. “सांग,” तो म्हणाला, आणि माझ्या पानात मासा वाढला. मी सांगितलं नाही. इकामा संपायला दोन महिने होते, रोज ठरवायचो आणि रोज तोंडातून ब्र निघायचा नाही. ज्याच्या लबाडीपायी दोन मुलांचा जीव जाता जाता राहिला, तो मी दुसऱ्याला कुठल्या तोंडाने पकडून देणार, असं स्वतःला समजवायचो. खरं म्हणजे त्याचं घर माझ्यामुळे बसलं असं गावात ऐकावं लागेल, याला मी भ्यालो.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने सवयीने पातेलं माझ्यापुढे धरलं आणि मग दोघेही थांबलो. ते दूध आम्ही मोरीत ओतलं. बरं होतं की नासलेलं, कोण सांगणार. चहा कोराच घेतला.

आता मी गावी आहे. बायकोने मला पाहुण्यांच्या पेल्यातून पाणी देणं अलीकडेच सोडलंय. खाडीवर लोक आपल्या होड्या बघायला मला बोलावतात. मी हाताने बघतो, नाकाचं सगळ्यांना सांगून टाकलंय. सोबत्याचं मात्र मी अजूनही कोणाला सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी त्याची ड्युटी सुटायच्या वेळेला मी फोन घेऊन पडवीत बसतो आणि त्याला एकच शब्द पाठवतो, “इलंस?”, म्हणजे खोलीवर आलास का. त्याचं “इलंय” येईपर्यंत मी जेवायला उठत नाही. बायको दोनदा हाक मारते, मग पान झाकून ठेवते.